एकच कोंबडी, तीन टीव्ही

"भावोजी, तुमच्या टीव्हीवर सगळ्यांना कावीळ झालेली का असते हो?"

मेहुण्याने हा प्रश्न विचारला तो भावोजींच्याच सोफ्यावर आडवं होऊन, भावोजींच्याच उशीला टेकून, भावोजींनीच आणलेले शेंगदाणे तोंडात टाकत. वर सल्लाही दिला. "केबल काढून फेका. डिश घ्या. डिशचं चित्र म्हणजे निव्वळ काच. त्यात विचार काय करायचा, दिसतंच ना ते."

दुसऱ्या कुणी हे हसून सोडून दिलं असतं. पण भावोजी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बावीस वर्षं ते दुकानादुकानांतून तराजू तपासत आले होते, आणि ज्याचा तराजू खोटा तोच दुकानदार हे वाक्य म्हणतो, असा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव होता. 'साहेब, बरोबरच आहे, दिसतंच ना.' खऱ्या तराजूचा दुकानदार कधी असं म्हणत नाही. तो गुपचूप वजनं पुढे करतो.

"मोजलंयस तू?" त्यांनी विचारलं.

"चित्र कुणी मोजतं का, भावोजी?"

ठिणगी पडली ती इथे.

इमारतीत त्यांना सगळे मिलीमीटर म्हणत. लहान मुलं 'मिलीमीटरकाका' म्हणत, एवढाच काय तो मान. नाव पडलं त्याला तीन वर्षं झाली होती. वाहनतळातल्या पांढऱ्या पट्ट्या नव्याने आखल्या तेव्हा वार्षिक सभेत उठून त्यांनी सांगितलं होतं की प्रत्येक गाडीमागे अकरा सेंटिमीटर कमी पडतात, आणि पुराव्यादाखल खिशातून मोजपट्टी काढली होती. सभेच्या इतिवृत्तात नोंद झाली: 'एका सभासदांनी मोजपट्टी काढली. सभेने हसून पुढील विषय घेतला.' इतिवृत्तात 'हसून' हा शब्द बसतो का, असं रीतसर पत्र मिलीमीटरांनी सोसायटीला लिहिलं. उत्तर अजून यायचं आहे.

तर या वेळी संधी आपल्या पायांनी चालत आली होती. इमारतीचा केबलवाल्याशी असलेला करार महिनाअखेर संपत होता. अध्यक्षांना सगळ्या इमारतीला मिळून एक मोठी डिश हवी होती, कारण त्यांच्या स्वतःच्या बाल्कनीत डिश होती आणि ती नियमबाह्य होती. सगळ्यांचीच झाली की त्यांचीही नियमात बसणार. सेक्रेटरीबाईंना केबलच हवी होती, कारण केबलवाला त्यांचा मावसभाऊ. दोघांचं महिनाभर जुंपलं होतं. मिलीमीटर दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, तीन आठवडे द्या. केबल, डिश आणि साधी अँटेना, तिन्हींचं चित्र शास्त्रशुद्ध तपासून अहवाल देतो. अहवाल सभेने स्वीकारायचा, एवढीच अट.

"अँटेना कशाला मधे?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

"तुलना दोघांतच केली तर तिला भांडण म्हणतात," मिलीमीटर म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की घरी येऊन त्यांनी बायकोला दोनदा ऐकवलं. बायको भाजी निवडत होती. "बरं," ती म्हणाली.

म्हणजे प्रश्न टीव्हीचा नव्हता. एक माणूस बरोबर मोजतो, हे चौतीस घरांनी एकदा न हसता मान्य करावं, एवढाच होता.

पहिली ठेच अँटेनाच्या दुकानात लागली. "अँटेना?" दुकानदार काउंटरवर ओणवा होत हळू आवाजात म्हणाला. "घरात कुणा म्हाताऱ्या माणसाची शेवटची इच्छा आहे का, साहेब?" तिथून त्यांची रवानगी भंगारवाल्याकडे झाली. भंगारवाल्याकडे एक चांगली, अकरा दांड्यांची अँटेना होती. त्याने ती तराजूवर ठेवली. तराजूचा काटा अँटेना ठेवण्याआधीच शून्याच्या पुढे होता. मिलीमीटर रजेवर होते, पण त्यांची नजर रजेवर नव्हती. पाऊण तास त्यांनी भंगारवाल्याला तराजू शून्यावर आणायला शिकवलं. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "साहेब, अशीच घेऊन जा. पण जा." आता निरीक्षकाने दुकानदाराकडून फुकट वस्तू घ्यायची म्हणजे नोकरीवर गदा. मिलीमीटर पावतीशिवाय हलेनात. भंगारवाल्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. शेवटी एका वहीच्या पुठ्ठ्यावर त्याने लिहून दिलं: 'एक अँटेना दिली. त्रास संपला.'

गच्चीची किल्ली अध्यक्षांकडे असे, आणि ती अर्ज भरल्याशिवाय मिळत नसे. अर्जात 'गच्चीवर जाण्याचे कारण' या रकान्यासमोर तीनच पर्याय छापलेले: कपडे, पाण्याची टाकी, इतर कामगार. मिलीमीटर खोटं कारण लिहिणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी बाजूला बारीक अक्षरात 'शास्त्र' असं लिहिलं आणि चौकोन आखून त्यात बरोबरची खूण केली. अर्ज परत आला. छापील अर्जात भर घालता येत नाही. मग त्यांनी जड मनाने टाकीवर खूण केली. पण टाकीचं कारण असेल तर सोबत प्लंबर असलाच पाहिजे, असा सोसायटीचा ठराव होता, कारण मागे कुणी तरी एकट्याने झडप फिरवून सगळी इमारत दोन दिवस कोरडी ठेवली होती.

असा प्लंबर या कामात आला तो शेवटपर्यंत गेला नाही. मिलीमीटर कंपास घेऊन अँटेनाची दिशा ठरवत होते तेव्हा तो टाकीला टेकून बघत होता. "साहेब, थोडी डावीकडे," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"शेजारच्या सगळ्या जुन्या दांड्यांची तोंडं तिकडे आहेत. इतके लोक एकाच बाजूला चुकत नाहीत."

मिलीमीटरांनी कंपास पाहिला. मग पलीकडच्या गच्च्यांवरच्या गंजक्या दांड्या पाहिल्या. मग अँटेना डावीकडे सरकवली, आणि वहीत 'दिशा: स्थानिक निरीक्षणावरून' असं लिहिलं. प्लंबरचा उल्लेख टाळला. शास्त्रालाही अब्रू असते.

टीव्ही तीन लागणार होते, एकाच मापाचे. एक स्वतःचा. दुसरा शेजारच्या दोन नंबरच्या वहिनींनी दिला, दुपारी चार ते पाच या बोलीवर. तिसरा अध्यक्षांचा, तो रोज तासाभरापुरता खाली आणताना अध्यक्ष स्वतः पुढे चालत जिन्यातल्या लोकांना बाजूला करत होते. डिशची वायर त्यांच्या बाल्कनीतून खाली सोडली, अँटेनाची गच्चीवरून, केबल घरातच होती. तिन्हींचे सेट-टॉप खोके चादरीआड झाकले आणि टीव्हींवर अ, ब, क अशा चिठ्ठ्या लावल्या, म्हणजे कुठल्या टीव्हीला काय जोडलंय ते बघणाऱ्याला कळू नये. कळलं की माणूस डोळ्यांनी बघत नाही, पक्षाने बघतो.

आता तिन्ही ठिकाणी एकाच वेळी दिसेल अशी वाहिनी एकच निघाली, सरकारी. आणि दुपारी चारला, जेव्हा वहिनींचा टीव्ही मोकळा असे, त्या वाहिनीवर रोज एकच कार्यक्रम: 'चला, कुक्कुटपालन करू या.'

मिलीमीटरांना त्यात काही गैर वाटलं नाही. उलट पिसांची कड, तुऱ्याचा लाल रंग, दाणे टिपतानाची हालचाल, तपासायला कोंबडीसारखं दुसरं काही नाही असं त्यांचं मत झालं. त्यांनी प्रत्येकासाठी तक्ता छापला. स्पष्टता, रंग, हालचाल, प्रत्येकी दहा गुण, दशांश चालतील.

शेजारी यायला लागले. घरी बसून कोंबड्या कुणी पाहिल्या नसत्या, पण दुसऱ्याच्या घरी चहासोबत लोक काहीही पाहतात. बायको चहा करत होती, कप विसळत होती, पुन्हा करत होती.

"मधल्या टीव्हीवरच्या कोंबड्या जास्त सुखी दिसतात," दोन नंबरच्या वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, सुखाचा रकाना नाही यात."

"मग घाला. मला तेवढंच दिसतंय."

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तिन्हींना दहापैकी दहा दिले. "आजोबा, काही तरी फरक असेल ना?" "असेल. पण कुणाला नापास करायचं माझं वय नाही राहिलं." केबलवाला सेक्रेटरीबाईंसोबत आला, डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "ब माझी केबल. आवाजावरूनच कळतं." ब ही अँटेना होती. अध्यक्षांनी 'अ' ला भरघोस गुण देऊन मिलीमीटरांकडे बघून डोळा मारला. 'अ' ही केबल होती. मेहुणा रविवारी आला आणि तक्त्यावर आडवं लिहून गेला: 'भावोजी, पुरे.'

पहिल्या आठवड्याचे गुण मांडले तेव्हा मिलीमीटरांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. डिश फार मागे पडत होती. पण डिश जोडली होती अध्यक्षांच्या टीव्हीला. मग दोष डिशचा की टीव्हीचा? शास्त्र शिकलेल्या माणसाला अशा वेळी एकच मार्ग असतो. त्यांनी अदलाबदल सुरू केली: आज डिश या टीव्हीला, उद्या त्या, परवा तिसऱ्या. दुसरा आठवडा संपला आणि निकाल स्वच्छ निघाला. काहीही जोडा, अध्यक्षांच्या टीव्हीवरच्या कोंबड्या धुक्यात चरत होत्या.

मिलीमीटरांनी टॉर्च घेऊन पडद्याची कड तपासली. कोपऱ्यात एक बुडबुडा होता. त्यांनी नखाने टोकरलं. पडद्यावरून एक पातळ, दुधी प्लास्टिक सुटून त्यांच्या नखाला चिकटून वर आलं.

कारखान्यातून आलेलं संरक्षक प्लास्टिक. चार वर्षं तसंच.

इथे कुठलाही शहाणा माणूस प्लास्टिक परत चिकटवून गप्प बसला असता. मिलीमीटरांनी ते सबंध काढलं, गुंडाळी केली, त्यावर तारीख घातली आणि पुरावा म्हणून अध्यक्षांच्या हातात नेऊन दिलं.

अध्यक्षांनी ती गुंडाळी उलगडून पाहिली. "आमच्या हिने मुद्दाम ठेवलं होतं ते," ते म्हणाले.

"पण चित्र धूसर दिसत होतं."

"धूसर दिसू दे. नवा होता टीव्ही. तुम्ही आज जुना केलात."

आतून अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या, "फ्रिजच्या दाराचं राहिलंय हो अजून. त्यांना म्हणावं तिकडे बघू नका." त्या संध्याकाळी, प्लास्टिकशिवाय, बातम्या देणाऱ्या बाई एकदम दहा वर्षांनी वयस्कर दिसल्या, आणि त्याचाही ठपका मिलीमीटरांवरच आला. भलं करायला जावं तर हे. मिलीमीटरांचा संताप त्या दिवसापासून उतरलाच नाही. तो नुसता खोल्या बदलत राहिला. ऑफिसात गेला, जिन्यात गेला, जेवणाच्या ताटावर बसला.

तरी पठ्ठ्याने काम सोडलं नाही. पहिला आठवडा रद्द धरला आणि तपासणी पुन्हा केली. पाण्याचा पंप सुरू झाला की अँटेनाच्या कोंबडीचे चौकोनी तुकडे होऊन पडद्यावर विखुरतात, हे शोधलं. केबलवर कोंबडी पळाली की मागचं गवत लापशीसारखं एकजीव होतं, हे शोधलं. डिशवर पिसं मोजता येतात, पण आभाळ फार भरून आलं की कोंबड्या जागच्या जागी थिजतात, हेही शोधलं. एकोणीस दिवस, चौतीस माणसं. डिश सात पूर्णांक आठ, केबल सहा पूर्णांक सहा, अँटेना पाच पूर्णांक एक. अहवाल चौदा पानांचा झाला. शेवटची ओळ त्यांनी बारा वेळा लिहिली: 'सभेने हा अहवाल स्वीकारावा, ही विनंती.'

सभा रविवारी होती. पण त्या रविवारी फुटबॉलचा अंतिम सामनाही होता, आणि अध्यक्षांनी सांगितलं की सामना दाखवला नाही तर खुर्च्यांखेरीज कुणी येणार नाही. सामना सरकारी वाहिनीवरच होता. तेव्हा तिन्ही टीव्ही खाली सभागृहात मांडावेत, लोकांनी सामना बघावा आणि मग अहवाल ऐकावा. मिलीमीटरांनी कोंबड्यांचा आग्रह धरून पाहिला. चालला नाही.

त्यांनी टीव्ही ओळीत मांडले, डावीकडून अँटेना, केबल, डिश. सभागृह भरलं. मिलीमीटर बाजूला उभे राहून लोकांचे डोळे कुठे वळतात ते टिपत होते. पहिली वीस मिनिटं डोळे डिशकडे होते. त्यांनी वहीत डिशपुढे ठळक बरोबरची खूण केली. पंप सुरू झाला, अँटेनावरचा गोलरक्षक तुकड्यातुकड्यांत पडला, आणि कुणीसं हसलं. मिलीमीटरांना वाटलं, झालं. आता अहवाल वाचायचाही बाकी नाही.

आणि त्याच तुकड्यांत गोल झाला.

डाव्या टीव्हीपुढे बसलेले सात-आठ जण ताडकन उठले. मधल्या टीव्हीवर अजून चेंडू हवेत होता. उजवीकडे, डिशवर, खेळाडू चेंडूपर्यंत पोचलासुद्धा नव्हता. तो नुसताच पळत येत होता, बिचारा, पुढे काय होणार ते माहीत नसलेला. मधल्या टीव्हीवाले चार सेकंदांनी उठले. डिशवाले सहा सेकंदांनी, आणि तोवर उठण्यात काही अर्थ उरला नव्हता.

 मग तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा हळूच उठले आणि आपली खुर्ची घेऊन डावीकडे आले.

"हे आधी दाखवतंय," कुणी तरी म्हणालं.

"सिग्नल वर उपग्रहापर्यंत जाऊन खाली यायचा, मग खोक्यात उलगडायचा, वेळ लागणारच," मिलीमीटर घाईघाईने म्हणाले. "पण त्याचा चित्राच्या दर्जाशी काडीचा संबंध नाही. पान नऊ पाहा."

पान नऊ कुणी पाहिलं नाही. सगळ्या खुर्च्या डावीकडे चालल्या होत्या. तेवढ्यात कुणी तरी म्हणालं की रस्त्यापलीकडच्या इमारतीतली आरोळीही चार सेकंद उशिराच आली होती.

अध्यक्षांनी मान वर केली. "समोर केबल आहे ना?"

"माझीच आहे," केबलवाला म्हणाला, आणि मग त्याला आपण हे बोलायला नको होतं असं वाटलं.

"म्हणजे दर गोलला त्यांच्या आधी आपण ओरडणार." समोरच्या इमारतीशी कचऱ्याच्या कुंडीवरून सहा वर्षं वैर होतं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर असा आनंद त्यांच्या पत्नीनेही बऱ्याच वर्षांत पाहिला नसावा. सेक्रेटरीबाईंनी मावसभावाकडे एकदा पाहिलं, समोरच्या इमारतीकडे एकदा पाहिलं, आणि रक्तापेक्षा कचऱ्याची कुंडी जड ठरली.

"ठराव," अध्यक्ष म्हणाले. "तज्ज्ञ सभासदांच्या अहवालानुसार इमारतीला सामायिक अँटेना बसवावी. अहवाल स्वीकारला. टाळ्या."

टाळ्या पडल्या. हसून नव्हे, खरोखरच्या, मनापासूनच्या. तीन वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते मिळालं होतं. आणि मिलीमीटर उभे राहिले.

"अहवालात असं नाही," ते म्हणाले. "अहवालात अँटेना शेवटची आहे. पाच पूर्णांक एक."

"अहो, बसा," दोन नंबरच्या वहिनी कुजबुजल्या. "जिंकलात तुम्ही."

"चुकीच्या कारणाने."

अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला अहवाल स्वीकारलेला हवाय की नकोय?"

 काटा शून्यावर नसताना शिक्का मारायचा की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो मिलीमीटरांनी बावीस वर्षं एकाच पद्धतीने सोडवला होता.

"अशा प्रकारे नको," ते म्हणाले.

"बाजूने कोण?" सेक्रेटरीबाईंनी हात मोजले. तेहेतीस. प्लंबरचाही होता, त्याला मत नव्हतं, पण त्याने कामच इतकं केलं होतं की कुणी काही बोललं नाही. "विरोधात?"

मिलीमीटरांनी हात वर केला. स्वतःच्याच अहवालाविरुद्ध. सेक्रेटरीबाई 'एक' लिहिणार एवढ्यात मागच्या रांगेतून दुसरा हात वर आला. बायकोचा. हाताला चहाची भुकटी लागलेली होती.

नियम क्रमांक सत्तावीस, एका घराला एकच मत. मिलीमीटरांना तो नियम स्वल्पविरामासकट पाठ होता, आणि तो मोडला जातो म्हणून त्यांनी दोन पत्रं लिहिली होती. ते काही बोलले नाहीत.

"विरोधाचं कारण लिहावं लागतं," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "एका ओळीत सांगा. जागा नाही."

मिलीमीटरांनी चौदा पानं चाळायला घेतली. कुठल्याच पानातली कुठलीच ओळ एकटी उभी राहीना.

"लिहा," बायको म्हणाली, "आम्हाला चित्र बघायचं असतं."

सामन्याचा उत्तरार्ध बघायला दोघं थांबले नाहीत. टीव्ही स्वतःचा होता, तो अँटेनावरून सोडवताना लोकांनी थोडी खळखळ केली, पण वहिनींनी आपला तिथे लावून दिला. दोघांनी दोन बाजूंनी धरून टीव्ही जिन्यातून वर न्यायला घेतला. पहिल्या मजल्यावर मिलीमीटर थांबले.

"तू विरोधात का दिलंस?"

"डिशचं चांगलं आहे म्हणून. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. एकोणीस दिवस तीन टीव्ही पुसत होते, त्या कोंबड्या तुमच्यापेक्षा जास्त ओळखते मी."

"मग बोलली का नाहीस?" मिलीमीटरांचा आवाज चढला. एकोणीस दिवस, पंधरा अर्ध्या रजा, एक भंगारवाला. "पहिल्या दिवशी बोलायला काय झालं होतं?"

"तुमच्या यादीत चौतीस नावं आहेत," ती म्हणाली. "त्यात माझं आहे का, बघा."

मिलीमीटरांनी टीव्हीचं आपलं टोक पायरीवर टेकवलं, काखेतला अहवाल काढला आणि यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. भंगारवाल्याचं नाव होतं. मेहुण्याचं होतं, 'पुरे' या शेऱ्यासकट.

खिसे चाचपत ते म्हणाले, "पेन आहे का तुझ्याकडे?"

"आधी टीव्ही उचला."